‘अंडर-रिप्रेझेंटेड’मध्ये आपण बसतो का? अमेरिकेतल्या पगारी संशोधन इंटर्नशिपबद्दल

तुझा प्रश्न असा: जीवशास्त्राच्या चार वर्षांच्या पदवीचं तिसरं वर्ष चालू आहे, नंतर एम.एस.साठी अमेरिकेला यायचंय. घरात कॉलेजात गेलेली तू पहिलीच. संशोधनात ज्यांचं प्रमाण कमी आहे अशांसाठी तिकडे पगारी इंटर्नशिप असतात असं तू वाचलंस. पहिल्या उन्हाळ्याचा खर्च त्यातून निघेल का, हे तुला हवंय.

त्या पैशावर हिशेब मांडू नकोस. आधीच सांगते, कारण मी तोच हिशेब मांडून आले होते.

पहिल्या हिवाळी सुट्टीत मी आरईयूचे पाच अर्ज लिहिले. आरईयू (रिसर्च एक्स्पीरियन्सेस फॉर अंडरग्रॅज्युएट्स) ही नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकी सरकारी संस्थेची 1987 पासूनची योजना, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी. एकेका विद्यापीठात साधारण दहा विद्यार्थी उन्हाळ्यात आठ-दहा आठवडे येतात आणि प्राध्यापकांच्या लॅबमध्ये खरं संशोधन करतात. स्टायपेंड मिळतो, बहुतेक ठिकाणी राहायची सोयही होते. ज्यांच्या कॉलेजात संशोधनाची सोयच नाही त्यांना मुद्दाम जागा देतात. हे वाचून मला वाटलं, ही तर माझ्यासाठीच काढलेली योजना. निबंधात मी सगळं लिहिलं: वडिलांची नोकरी गेलेलं वर्ष, सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद असलेली कॉलेजची प्रयोगशाळा, सगळं. एका ठिकाणाहून दोन ओळींचं उत्तर आलं. निधी फक्त अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी आहे, आणि तोही पदवी पूर्ण न झालेल्यांसाठी. बाकीच्या चार ठिकाणांहून काहीच आलं नाही. म्हणजे माझी अडचण दुहेरी होती. व्हिसा विद्यार्थ्याचा, आणि एम.एस.ला असल्यामुळे पदवीचा टप्पाही मागे पडलेला.

त्या शब्दाचा अर्थ तेव्हा नीट कळला. ‘अंडर-रिप्रेझेंटेड’ हे प्रत्येक देश आपल्या समाजाकडे बघून ठरवतो. अमेरिकेत त्यात प्रामुख्याने कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूळ अमेरिकी आणि अपंग विद्यार्थी येतात. आशियाई वंशाचे लोक विज्ञानात सहसा त्यात धरत नाहीत. जातीला रकानाच नाही. आपल्यातला कोणी कितीही मागून आलेला असला, तरी त्या फॉर्मवर तो फक्त ‘एशियन’ आणि ‘इंटरनॅशनल’ असतो. हे मला तेव्हा लागलं होतं, आजही लागतं. पण म्हणून त्या योजना चुकीच्या आहेत असं मी म्हणणार नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांची पीएच.डी.साठी तयारी करून घेणाऱ्या मॅकनेअर योजनेचंच बघ. 1986 च्या चॅलेंजर अपघातात गेलेले कृष्णवर्णीय अंतराळवीर रोनाल्ड मॅकनेअर यांच्या नावाने ती चालते. तिच्यातले किमान दोन-तृतीयांश विद्यार्थी कमी उत्पन्नाच्या घरातले आणि पदवीपर्यंत पोचणारी पहिली पिढी असावे लागतात. तीही नागरिक आणि कायम रहिवाशांपुरतीच आहे. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डची युनिक प्लस ही उन्हाळी संशोधन इंटर्नशिप आहे, तीही तिथल्या रहिवाशांसाठी. शिवाय 2025 पासून अमेरिकेत या विषयावरचं सरकारी धोरण बरंच बदललंय, त्यामुळे जुन्या पोस्ट वाचून काही ठरवू नकोस. पान उघडलंस की सर्वांत आधी पात्रतेचा परिच्छेद वाच, वर्णन मागाहून.

आता तुझ्यासाठी काय उघडं आहे ते सांगते. तुझ्या हातात एक गोष्ट आहे जी माझ्या हातात नव्हती: तुझी पदवी अजून चालू आहे. कॅनडाचा मायटॅक्स ग्लोबलिंक कार्यक्रम भारतातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना घेतो, 12 आठवड्यांसाठी, पण परत जाऊन पूर्ण करायची सत्रं शिल्लक असावी लागतात. शेवटचं सत्र संपत आलं की तो दरवाजा बंद. जर्मनीच्या डाड (DAAD) या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची वाइज (WISE) ही संशोधन इंटर्नशिपची शिष्यवृत्ती खास भारतातल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, मात्र तुझी संस्था त्यांच्या अटीत बसते का ते बघ. जपानमधलं ओकिनावाचं ओआयएसटी (OIST) हे विज्ञान-तंत्रज्ञानाचं विद्यापीठ कुठल्याही देशाच्या विद्यार्थ्याला इंटर्न म्हणून घेतं, दिवसाचा भत्ता आणि राहण्याची व्यवस्था देतं. यांतल्या कुठल्याही कार्यक्रमात तुझ्या पार्श्वभूमीसाठी वेगळी जागा नाही, पण राष्ट्रीयत्वावरून तुला परतही लावत नाहीत.

आणि एम.एस.च का? जीवशास्त्रात अमेरिकेतल्या पीएच.डी.ला पदवीनंतर थेट अर्ज करता येतो. प्रवेश मिळाला तर बहुतेक ठिकाणी फी भरावी लागत नाही आणि स्टायपेंडही मिळतो. एम.एस.चा खर्च बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जातो. संशोधनच करायचं नक्की असेल तर हा विचार आधी कर. मला कोणी सांगितलं नव्हतं.

तरी एम.एस.ला आलीसच, तर एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आपल्याच विद्यापीठात सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येतं, सुट्टीत पूर्णवेळ. लॅबमधलं तासावारी काम यातच येतं. दुसऱ्या संस्थेत पगारी इंटर्नशिप करायची तर सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करायची परवानगी लागते, तेही सहसा पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर. आणि ‘आधी काही महिने फुकट काम कर, मग बघू’ असं कोणी म्हणालं तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस. ज्या कामाला एरवी पगार देतात ते फुकट करणं व्हिसाच्या नियमात बसत नाही.

मला असंच काम मिळालं, संशोधनासाठी पाळतात त्या छोट्या झेब्राफिश माशांच्या टाक्या धुण्याचं. हे मासे सकाळी दिवे लागले की थोड्याच वेळात अंडी घालतात, म्हणून आठच्या आत पोचायचं, गाळणीत अंडी गोळा करायची, खराब झालेली पांढुरकी अंडी ड्रॉपरने बाजूला काढायची. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर पारदर्शक गर्भात हृदय धडधडत असायचं. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी कितीतरी वेळ खुर्चीवरून उठले नाही. दोन महिन्यांनी लॅबच्या प्राध्यापक बाईंनी मला एक छोटा प्रयोग दिला, आणि पुढे त्यांच्याच शिफारसपत्रावर पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. आता दर उन्हाळ्यात आमच्या लॅबमध्ये आरईयूची एक मुलगी किंवा मुलगा येतो आणि त्याला शिकवायचं काम माझ्याकडे असतं.

त्या अनुभवावरून सांगते, प्राध्यापकांना मेल लिहिशील तेव्हा गरिबीवर दोन ओळी पुरे. तुझ्या हातून काय झालं ते जास्त लिही. समज, तुझ्याही कॉलेजात सूक्ष्मदर्शक कपाटातच होता, मग तू काय केलंस? माझ्या निबंधात नेमकं तेच नव्हतं. ‘आपल्या थोर संशोधनाने मी भारावून गेले’ असली वाक्यं काढून टाक. त्यांचा एक पेपर वाच आणि त्यात जे कळलं नाही ते विचार.

पैशाचं शेवटचं: काम मिळालं तरी पहिला पगार लगेच येत नाही. पगारासाठी लागणाऱ्या सोशल सिक्युरिटी नंबर या सरकारी क्रमांकासाठी नोकरीचं पत्र लागतं, मग अर्ज, मग काही आठवडे वाट. घराचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं मात्र त्याआधीच द्यावं लागतं. मी दीड महिना मैत्रिणीकडून उसने घेऊन काढला. तेवढे पैसे वेगळे ठेवूनच निघ. आणि इंटर्नशिप मिळवून देतो म्हणून जो तुझ्याकडेच पैसे मागतो, त्याला एक रुपयाही देऊ नकोस.

मायटॅक्सचे अर्ज सहसा सप्टेंबरच्या सुमारास बंद होतात. त्याआधी तुझा मसुदा पाठव, मी वाचून देते.