मंगळवेढ्याकडच्या आमच्या जुन्या वाड्यात खोल विवर निघालंय, ती सोन्याची खाण असेल का?

तुमच्या प्रश्नात तपशील भरपूर आहेत, म्हणून उत्तर देता येतंय. परसातली फरशी उचलल्यावर माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड, आत मडक्यासारखं फुगलेलं पोट, भिंती मातीच्या. आजोबा त्याला 'सोन्याची खाण' म्हणायचे. तुम्ही विचारताय, खरंच खाण असेल का आणि दोरी लावून उतरावं का?

उतरू नका, हे आधी सांगतो. बाकीचं सावकाश.

मी सोलापुरात बरीच वर्षं भूशास्त्र शिकवलं. वर्षाआड कुणीतरी चमकणारा दगड रुमालात बांधून आणायचंच. आपला जिल्हा काळ्या पाषाणावर, म्हणजे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर बसलाय. या दगडाच्या पोकळ्यांत गारगोटी, स्फटिक मिळतात आणि लोक तिथेच फसतात. सोन्याच्या शिरा या दगडात नसतात. तुमचं विवर तर दगडातही नाही, गावठाणातल्या पांढरीच्या मातीत आहे. ते पेव आहे, ज्वारी साठवायचं. तळाला आणि कडेनं कडबा लावायचा, धान्य ओतायचं, वर फरशी ठेवून मातीनं लिंपायचं. दुष्काळी मुलखात भरलेल्या पेवाला सोन्याची खाण म्हणणारे आजोबा फारसे चुकले नव्हते.

खरी जुनी खाण पाहायची तर विजापूर ओलांडून कृष्णेपलीकडे जा. रायचूर जिल्ह्यातल्या लिंगसुगूर तालुक्यात हट्टी नावाचं गाव आहे, तिथं सोन्याची खाण आहे. तिथला खडक २५० कोटी वर्षांहून जुना, आणि त्यातल्या पांढऱ्या गारगोटीच्या शिरांत सोनं. निजामाच्या काळात इंग्रज कंपनीनं तिथं काम सुरू केलं तेव्हा कळलं की कुणीतरी आधीच खाली जाऊन आलंय. जुन्या खोदकामाची खोली सुमारे ६४० फूट, म्हणजे जवळजवळ १९५ मीटर भरली. सुरुंगाची दारू नाही, पंप नाही!

मग खडक फोडला कसा? आगीनं. शिरेला लागून लाकडं रचून पेटवायची, खडक तापला की पाणी मारायचं. तडे गेले की घणानं, पहारीनं ढलपे काढायचे. अशा खोदकामाच्या भिंती गुळगुळीत, गोलसर राहतात, कोपऱ्यांत कोळसा आणि राख सापडते. सुरुंगाच्या खाणीत भिंती खडबडीत असतात आणि दगडात छिद्रांच्या खुणा दिसतात. शिवाय जुना खाणकरी सरळ विहीर पाडत नसे. शीर तिरपी गेली की तोही तिरपा, ती अरुंद झाली की तोही अंग चोरून. म्हणून तुमच्यासारखं सुबक गोल पोट दिसलं की मला खाण आठवतच नाही.

वरचा पसाराही बघावा लागतो. दगड कुटल्याशिवाय सोनं सुटत नाही, त्यामुळे जुन्या खाणींच्या आसपास उघड्या खडकावर उखळासारखे खळगे आणि घासून पोटाशी खोलगट झालेले पाटे आढळतात. खोदकामापेक्षा कुटणंच जास्त जिकिरीचं असावं असं मला वाटतं, कारण टनभर दगडात सोनं ग्रॅमांत मोजावं एवढंच.

हट्टीच्या जुन्या खोदकामातल्या लाकडाचं कार्बन पद्धतीनं वय काढलं, ते साधारण १९०० ते २००० वर्षं आलं. इथं एक गोष्ट लोक विसरतात. हे वय झाड तोडल्याचं, खाण सुरू झाल्याचं नव्हे. खोदकाम वरून खाली जातं, तेव्हा खोलात लाकूड पोचलं त्याच्या बरंच आधी वरचा भाग खोदून झालेला असणार.

हट्टीजवळच मस्की गाव आहे. १९१५ साली बीडन नावाच्या खाण अभियंत्याला तिथं अशोकाचा शिलालेख सापडला. तोवर लेखांत राजाची 'देवानंपिय पियदसी' (देवांचा लाडका) ही उपाधी एवढंच मिळत होतं. इथं 'अशोक' हे नाव स्पष्ट कोरलेलं निघालं. खाणवाल्यांच्या हाती लागलेलं मला ठाऊक असलेलं सगळ्यात मोलाचं हेच.

आता उतरण्याबद्दल. बंद पेवात दाणे कुजून कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, ऑक्सिजन कमी होतो. जुनी माणसं पेव उघडून दिवसभर तसंच ठेवायची, मग कंदील सोडून बघायची. कंदील विझला नाही म्हणून हवा चांगली, असंही नाही. पहिला बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. पोरं डोकावणार नाहीत अशी फरशी आजच परत बसवा, आणि तोंडाचे, मातीचे फोटो वरूनच काढा.

आणि हो, आत खरंच नाणी-दागिने दिसले तर गुपचूप वाटून घेऊ नका. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला तरी कलेक्टरला कळवावं लागतं. कायद्यात आकडा दहाच आहे.