पी०१७१ कोड आला, मेकॅनिक म्हणतो ऑक्सिजन सेन्सर बदला. बदलू का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक, ६२ हजार किलोमीटर झालेत, आठवडाभर पिवळा चेक इंजिन दिवा पेटलेला आहे. गाडी पळायला ठीक आहे, फक्त सिग्नलला उभी असताना किंचित थरथरते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी०१७१ आला आणि ऑक्सिजन सेन्सर बदलायचं ठरलं.

एवढ्यावरून सेन्सर बदलू नका. पी०१७१ म्हणजे इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, मिश्रण ‘लीन’ झालंय. ही तक्रार ऑक्सिजन सेन्सरने केली आणि आता तक्रार करणाऱ्यालाच काढून टाकायचं चाललंय. सेन्सर स्वतः बिघडला की सहसा पी०१३० ते पी०१३५ या पट्ट्यातला कोड येतो: सिग्नल नाही, प्रतिसाद मंद, हीटर बंद वगैरे. कोड कुठल्या मोजमापात गडबड दिसली ते सांगतो, कुठला पार्ट गेला ते सांगत नाही.

तोवर गाडी चालवायची का? दिवा स्थिर असेल, पिकअप नेहमीसारखा असेल आणि तापमानाचा काटा जागेवर असेल, तर गावातल्या गावात चालवा. चार माणसं आणि सामान भरून घाट चढू नका. लीन मिश्रणावर जोर दिला की इंजिन नॉक करतं (आतून ठोकल्यासारखा आवाज येतो) आणि जास्त तापतं. दिवा लुकलुकायला लागला तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा एखादा सिलिंडर मिसफायर होत असतो, न जळालेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर साफ करणाऱ्या डब्यात) जळतं आणि आतली जाळी वितळते. स्पार्क प्लग किंवा त्याला वीज देणाऱ्या कॉइलच्या खर्चाच्या कित्येक पट किमतीचा तो पार्ट आहे. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथल्या तिथे बंद.

आता तपासणी. ब्लूटूथचा ओबीडी ॲडॉप्टर (गाडीतले कोड वाचणारा छोटा स्कॅनर) काहीशे रुपयांपासून मिळतो आणि मोबाइलवरच्या ॲपशी जोडता येतो. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास १६ पिनांचं सॉकेट असतं. काही गाड्यांत ते फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे लपलेलं असतं. कोड अजून पुसू नका आणि कुणाला पुसू देऊही नका. आधी ‘फ्रीझ फ्रेम’ उघडा. कोड नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा लोड किती होता, हे सगळं तिथे साठवलेलं असतं. ७५० आरपीएम आणि वेग शून्य दिसला तर दोष उभ्या गाडीचा आहे. ३००० आरपीएम आणि भरपूर लोड दिसला तर पेट्रोल पुरवठ्याकडे बघा. कोड पुसला की ही नोंदही जाते, आणि बरीच गॅरेजेस नेमकं तेच आधी करतात.

मग इंजिन पूर्ण गरम करून ‘फ्यूएल ट्रिम’चे दोन आकडे बघा: शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय, ते हे आकडे सांगतात. दोन्हींची बेरीज करा. उणे दहा ते अधिक दहा हे सर्वसाधारण. अधिक २०–२५ च्या पुढे बेरीज टिकून राहिली की बहुतेक गाड्या पी०१७१ देतात. आयडलला (उभ्या गाडीत, ॲक्सिलरेटरला पाय न लावता) एकदा, २५०० आरपीएमला धरून एकदा, आणि शेजाऱ्याला ॲप बघायला बसवून तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चढावर एकदा, असे तीन वेळा आकडे लिहून ठेवा.

पुस्तकी नियम असा की आयडलला +२५ आणि २५०० ला +६ असेल तर इनटेकमध्ये (हवा आत येण्याच्या वाटेत) कुठेतरी चोरवाटेने हवा शिरतेय. यूट्यूबवर हेच सांगतात, पण ते मास एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा थेट मोजणारा) असलेल्या गाड्यांना लागू. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅप सेन्सर असतो. तो मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजतो, त्यामुळे चोरून आलेली हवाही त्याच्या हिशोबात येते आणि ईसीयू तेवढं पेट्रोल वाढवतो. अशा गाडीत हवेचा होज फाटला तर ट्रिम फारसा हलत नाही, आयडल वर चढतो. तुमच्या ॲपमध्ये ग्रॅम प्रति सेकंद दिसतं की किलोपास्कल, त्यावरून कुठला सेन्सर आहे ते कळेल: ग्रॅम म्हणजे एअरफ्लो, किलोपास्कल म्हणजे मॅप. अपवाद एकच: एखाद्या सिलिंडरच्या अगदी तोंडाशी मॅनिफोल्डचं गॅस्केट फाटलं, तर तो एकटा सिलिंडर लीन होतो आणि इंजिन उभ्या गाडीत थरथरतं. तुमचं लक्षण याच्याशी जुळतंय. स्मोक टेस्ट करणारं गॅरेज मिळालं तर ती करून घ्या. इनटेकमध्ये धूर सोडतात आणि तो जिथून बाहेर येतो तिथे गळती. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधणारेही आहेत, पण ते आगीशी खेळणं आहे.

मॅप सेन्सर खरं बोलतोय का, हे फुकटात कळतं. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. त्या वेळी सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा: मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात उंचीमुळे ९४–९५. पुण्यात उभी असलेली गाडी ८५ दाखवत असेल तर सेन्सर हवा कमी मोजतोय, ईसीयू पेट्रोल कमी देतोय, आणि तुमचा कोड तिथेच सापडला. इंजिन गरम होऊन आयडलला आलं की साधारण ३० ते ४० दिसायला हवं.

चढावर, लोड वाढताना ट्रिम वर चढत असेल तर दोष टाकीतल्या पेट्रोल पंपाचा किंवा पेट्रोलच्या फिल्टरचा. सध्याच्या बऱ्याच गाड्यांत फिल्टर टाकीच्या आत पंपाच्या जोडीनेच बसवलेला असतो, म्हणून वर्षानुवर्षं कुणी त्याच्याकडे बघत नाही. सतत रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचा पंप लवकर जातो, कारण पंपाला थंड ठेवायचं काम टाकीतलं पेट्रोलच करतं. फ्यूएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) गेज लावून दाब मोजून घ्या. पोर्ट इंजेक्शनच्या (सिलिंडरच्या तोंडाशी पेट्रोल फवारणाऱ्या) बहुतेक गाड्यांत तो ३ ते ४ बार असतो, नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधून घ्या.

थरथर एकाच सिलिंडरची आहे का, हे ॲपमधल्या मिसफायरच्या मोजणीवरून कळतं. गाडी ती मोजणी देत नसेल तर मेकॅनिक इंजिन बंद करून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढतो आणि मग काही सेकंदच इंजिन चालवून बघतो. ज्याचा काढल्यावर आयडलमध्ये काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आळशी. त्याचा इंजेक्टर शेजारच्याशी अदलाबदल करा. दोष इंजेक्टरबरोबर सरकला तर इंजेक्टर अल्ट्रासॉनिकने साफ करून घ्या, सरकला नाही तर त्याच सिलिंडरचं गॅस्केट बघा. कॉइलची खात्रीही अशीच अदलाबदल करून होते, नवा पार्ट विकत न घेता.

पेट्रोलचाही थोडा वाटा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. तुमची गाडी २०१९ ची, तिचा हिशोब फार तर १० टक्क्यांचा. त्यामुळे ट्रिम चारेक टक्क्यांनी वर राहणारच. एकट्या या कारणाने पी०१७१ येत नाही, पण आधीच +१८ वर असलेल्या गाडीला तेवढा धक्का पुरतो. सीएनजी किट असेल तर आकडे पेट्रोलवर आणि गॅसवर वेगवेगळे घ्या. कायम गॅसवर चालवून पेट्रोलचे इंजेक्टर चिकट झालेले असतात, ते फक्त पेट्रोलवर उघडं पडतं.

सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर लीन दाखवतो. सकाळी थंड इंजिनला ‘टिक टिक’ आवाज येतो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडावर काळी काजळी दिसते. शेवटी, सेन्सरबद्दलच शंका असेल तर पुढच्या (कन्व्हर्टरच्या आधीच्या) ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज ग्राफ लावा. नॅरोबँड सेन्सर (पेट्रोल कमी की जास्त एवढंच सांगणारा) ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सतत वरखाली व्हायला हवा. आयडलला तो खालीच चिकटलेला असेल तर ॲक्सिलरेटर एकदम दाबून सोडा. दाबताना ०.८ च्या वर गेला आणि सोडल्यावर झटकन खाली आला, तर सेन्सर जिवंत आहे, त्याला हात लावू नका.

पावसाळ्यात आणि नंतर आणखी एक गोष्ट बघा: बॉनेट उघडून वायरिंग. उंदीर इंजेक्टरच्या आणि सेन्सरच्या वायरी कुरतडतात, आणि प्रेशर वॉशचं पाणी कनेक्टरमध्ये गेलं की पिना हिरव्या पडतात. टॉर्च घेऊन पाच मिनिटांत होणारं काम आहे, पार्ट मागवण्याआधी करा.

गॅरेजवाल्याला एवढंच विचारा: ‘आयडलला आणि अडीच हजाराला ट्रिम किती आहे? फ्रीझ फ्रेम दाखवता का?’ उत्तर आकड्यात आलं तर माणूस कामाचा आहे. ‘साहेब, या मॉडेलला हाच सेन्सर जातो’ असं आलं तर दुसरं गॅरेज बघा.

दुरुस्तीनंतरच कोड पुसा. बॅटरीची वायर काढून दिवा घालवू नका. त्याने ईसीयूने शिकलेली आयडलची सेटिंगही जाते आणि गाडी काही दिवस विचित्र चालते. खरं तर पुसायचीही गरज नसते, सलग तीन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी सुरू करून, चालवून, बंद केली की एक) दोष दिसला नाही की दिवा आपोआप विझतो. त्यानंतर दोनेकशे किलोमीटर चालवून पुन्हा ट्रिम बघा. बेरीज दहाच्या आत असेल तर काम झालं. दिवा विझलाय पण आकडा अजून +१७ असेल तर तो पुन्हा लागणार आहे, गाडी परत गॅरेजला न्या.