डॉक्टरांनी केवळ ‘गॅस्ट्रोएन्टेरायटिस’ लिहिले असेल, तर कोड के ५२.९ द्यावा की ए ०९?

शौचाचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) निगेटिव्ह आहे, निदानाच्या रकान्यात फक्त ‘ॲक्यूट गॅस्ट्रोएन्टेरायटिस’ (पोट-आतड्यांचा तीव्र दाह) आहे आणि त्यावरून जंतुसंसर्ग नाही असे गृहीत धरावे का, असे आपण विचारले आहे. मी कोडिंगचेच काम करते, म्हणून आधी एक गोष्ट विचारते : आपण आयसीडी-१० ची (आजारांना कोड देणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीची) कोणती आवृत्ती वापरता? जागतिक आरोग्य संघटनेच्या आवृत्तीत २०१० पासून कारण न लिहिलेल्या गॅस्ट्रोएन्टेरायटिसला ए ०९.९ हा कोड आहे. अमेरिकी सीएम (क्लिनिकल मॉडिफिकेशन) आवृत्तीची अनुक्रमणिका मात्र त्याच शब्दांसाठी के ५२.९ कडे पाठवते. तिथे ए ०९ देण्यासाठी डॉक्टरांनी ‘संसर्गजन्य’ असे लिहिलेले असावे लागते. नवख्या कोडरांचा गोंधळ बहुतेक याच एका फरकातून होतो.

निगेटिव्ह कल्चरवर आपण फार विसंबू नये. नेहमीच्या कल्चरमध्ये विषाणू वाढत नाहीत आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूच्या विषासाठी वेगळी चाचणी लागते. त्यामुळे कल्चर निगेटिव्ह आले, एवढ्यावर संसर्ग नाकारता येत नाही, आणि तो नाकारण्याचा अधिकार तर कोडरचा नाहीच. शौचातील कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन वाढले, तर आतड्याला दाह असावा असे कळते. तो कशामुळे झाला, हे कळत नाही.

के ५२ या (जंतुसंसर्गाविना झालेल्या दाहाच्या) गटातील खरे काम कारण शोधण्यात आहे. एक नमुना पाहा, यातले कोड सीएम आवृत्तीचे आहेत. सांधेदुखीसाठी डायक्लोफेनॅक घेणाऱ्या रुग्णाला कित्येक आठवडे पाण्यासारखे जुलाब होत आहेत आणि कोलनोस्कोपीत आतड्याचे अस्तर अगदी निरोगी दिसते. डॉक्टरांनी हा दाह औषधामुळे झाल्याचे लिहिले, तर के ५२.१ आणि त्याच्यामागे औषधाच्या दुष्परिणामाचा टी ३९.३९५ए असा क्रम लागतो. पण समजा, अस्तर निरोगी दिसूनही बायोप्सी घेतली गेली आणि तीत पृष्ठपेशींच्या खाली १० मायक्रॉनपेक्षा जाड कोलॅजनचा (तंतुमय प्रथिनाचा) पट्टा दिसला, तर ते कोलॅजेनस कोलायटिस ठरते आणि कोड के ५२.८३१ होतो. पट्टा नसून लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची दाटी असेल, तर के ५२.८३२. अस्तर निरोगी दिसते म्हणून बायोप्सीच घेतली नाही, तर हे निदान हातचे निसटते. चार्ट वाचताना मला ही गोष्ट सर्वांत जास्त खटकते.

किरणोपचारानंतरच्या दाहाला के ५२.० आणि इओसिनोफिलिक गॅस्ट्रायटिसला के ५२.८१ आहे. क्रोन आजार के ५० मध्ये आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस के ५१ मध्ये जातो. तिथे के ५२ चा विचारही करू नये. डॉक्टरांनी नुसते ‘जुलाब’ लिहिले असतील, तर ते लक्षण आहे, त्याला आर १९.७.

रुग्ण दाखल असेल, तर पॅथॉलॉजी रिपोर्टमधला शब्द उचलून थेट कोड देता येत नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तो मान्य केलेला असावा लागतो. अशा वेळी मी डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवते. तीत ‘हा कोलॅजेनस कोलायटिसच आहे ना?’ असे विचारत नाही, कारण ते उत्तर तोंडी घालण्यासारखे होते; रिपोर्टमधील निष्कर्ष जसाच्या तसा उतरवून, त्याचा या रुग्णाच्या निदानाशी काय संबंध आहे ते कृपया नोंदवावे, एवढेच लिहिते आणि उत्तर येईपर्यंत चार्ट पेंडिंग ठेवते.