नदीत गाडी घालायची ती सकाळीच

प्रश्न : नमस्कार सर, मी होटगी रोडला राहतो. थार घेऊन दोन वर्षं झाली, पावसाळ्यात सीनेच्या काठाला आम्ही मित्र चिखलात गाड्या घालतो, अजून एकदाही ट्रॅक्टर बोलवायला लागला नाही. आता जुलैमध्ये आइसलँडच्या हायलँडमधली, म्हणजे मधल्या ओसाड पठारावरची, सहा दिवसांची गाईडवाली ऑफरोड ट्रिप बघतोय, पुढं गाईडची गाडी, मागं आपली आपण चालवायची. बायको म्हणते गाईडला एवढे पैसे कशाला, गाडी भाड्यानं घेऊन आपले आपण जाऊ. वडीलपण येतो म्हणतायत, वय 68, गुडघे दुखतात. काय करू?

उत्तर : ट्रॅक्टर लागला नाही हे वाचून बरं वाटलं, मला दोनदा लागला होता आणि दुसऱ्यांदा ट्रॅक्टरवाल्यानं आधी पैसे घेतले मग दोर काढला. पण चिखलाचा सराव तिथं निम्माच कामाला येतो बघा.

पहिली गोष्ट, नाव ऑफरोड असलं तरी तिथं रस्ता सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे, दंड जबरी. एफ 26, एफ 88 असे नंबर दिलेले कच्चे रस्ते आहेत, तिथं फक्त फोर बाय फोर चालते, आणि त्या चाकोरीतनंच जायचं. शेवाळावर एकदा टायर फिरला की ती खूण कित्येक वर्षं जात नाही. आपल्याकडं खड्डा चुकवायला बाजूच्या रानातनं गाडी काढतात ना, ती सवय विमानतळावरच सोडा.

आता नद्या. गाईडचे पैसे द्यायचे ते यासाठी. बऱ्याच ठिकाणी पूल नाही, पाणी हिमनदीचं, बारीक गाळानं गढूळ झालेलं, तळ दिसत नाही. दुपारी ऊन लागलं की वर बर्फ वितळतो आणि सकाळी गुडघाभर असलेलं पाणी संध्याकाळी कमरेला येतं, म्हणून गाईड तुम्हाला सकाळी लवकर हाकलतो, चहासुद्धा पुरा पिऊ देत नाही. मी गेलो तेव्हा आमचा गाईड रबरी पँट चढवून काठी घेऊन स्वतः पाण्यात उतरला, पाच-सात मिनिटं इकडं-तिकडं फिरला आणि समोर सरळ दिसणारी वाट सोडून खालच्या अंगाला जिथं पाणी पसरून खळखळत होतं तिथनं गाड्या काढल्या. मला ते उलटं वाटलं होतं. पण खळखळ असते तिथं उथळ असतं, गुळगुळीत शांत दिसतं तिथं खोल, हे काठावर उभं राहून कळत नाही हो. लो गिअर टाकायचा, मध्ये गिअर बदलायचा नाही, थोडं प्रवाहाच्या दिशेनं तिरकं, एका संथ चालीत. जोरात घातली की पाणी बॉनेटवर येतं, इंजिननं ते हवेबरोबर ओढलं तर पाणी काही दबत नाही, इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खेळ खलास. आणि भाड्याच्या गाडीचा विमा नदीतलं नुकसान सहसा भरत नाही, वाऱ्यानं दरवाजा उलटा फिरला तर तेपण बहुतेक वेळा नाही. (दरवाजा उघडताना हातानं घट्ट धरून उघडा, आमच्यातल्या एका पुणेकराचा बिजागरीतनं गेला, पूर्ण ट्रिप दोरी बांधून केली.)

वहिनींना एवढं सांगा, पैसे वाचवायचेच असतील तर गाईडशिवाय क्योलूरचा रस्ता करा, मोठ्या नद्यांवर पूल आहेत. अस्क्या ज्वालामुखीला जायला मात्र गाईड घ्या. हे रस्ते साधारण जूनअखेर उघडतात, तेही बर्फ बघून, तेव्हा तिकीट काढताना जुलैचा दुसरा पंधरवडा धरा. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच) व्हिसा लागतो, त्याला 30,000 युरोंचं आरोग्य विम्याचं कव्हर पाहिजे. आणि डिझेल आधीच भरा, शेकडो किलोमीटर पंप नाही, मोबाईलला रेंजही बऱ्याच ठिकाणी नाही.

वडिलांचं स्पष्टच सांगतो, नको. सहा-सात तास दगडांवरचे धक्के, रात्री झोपडीत एका फळीवर दहा जण, मदत लागली तर 112 ला फोन, आणि धावून येणारे बहुतेक स्वयंसेवक. त्यांना राजधानीत, रिक्याविकला हॉटेलात ठेवा, तिथं गरम पाण्याचे तलाव आहेत, गुडघेपण शेकतील.

प्रश्न : एवढं करून काळा दगडच बघायचा तर आपला दख्खन काय वाईट आहे? (जुळे सोलापूर)

उत्तर : वाईट काहीच नाही, दगड तोच, बसाल्ट. पण आपल्याकडं विहीर खणताना आधी काळी माती, मग मुरूम, मग कातळ लागतो, तो लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, त्याचीच झिजून माती झाली आणि त्यात आपली ज्वारी उभी आहे. तिकडं अस्क्याजवळ होलुहराउनला ऑगस्ट 2014 ते फेब्रुवारी 2015 मध्ये लाव्हा बाहेर आला, सुमारे 85 चौरस किलोमीटर, त्यावर बूट ठेवला तर नवीन कोळशावर चालल्यासारखा कर्रकर्र आवाज येतो. माती होण्याआधीचं सोलापूर असंच असेल असं मला तिथं वाटलं. चंद्रावर जाणाऱ्या अपोलोच्या अंतराळवीरांनाही 1965 आणि 1967 मध्ये दगड ओळखायला या भागात नेलं होतं.

प्रश्न : शाकाहारी आहे, खायचं काय न्यावं, चादर चालेल का? (अक्कलकोट रोड)

उत्तर : चादर नाही चालणार, जुलैमध्येही रात्री दोन-चार डिग्री असतं, स्लीपिंग बॅगच लागते. डोळ्यावर बांधायला पट्टी घ्या, अंधार नीट होतच नाही. कडक भाकरी उत्तम, सहा दिवस टिकते. शेंगा चटणी मात्र स्टीलच्या डब्यात नेऊ नका, धक्क्यानं झाकण उघडतं, माझ्या बॅगेला अजून लसणाचा वास आहे.