गाण्यासाठी नोकरी सोडा, पण गाळा घेऊ नका

प्रश्न: मी डोंबिवलीत राहते, वय 54. आठ महिन्यांनी 55 पूर्ण होतील. ठाण्यातल्या एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात 26 वर्षं नोकरी झाली. लग्नाआधी गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद पूर्ण केली होती, नंतर संसार आणि लोकलच्या धावपळीत गाणं मागे पडलं. गेली काही वर्षं गुरूंकडे पुन्हा शिकते आहे. पहाटे पाचला, घरचे उठायच्या आत, स्वयंपाकघराचं दार लावून रियाज करते. आता नोकरी सोडून अलंकार या पुढच्या परीक्षेची तयारी करायची आहे आणि गायनाचा क्लास काढायचा आहे. माझ्या हातात महिन्याला 78,000 येतात, मूळ पगार 45,000. मिस्टर 57 वर्षांचे आहेत, 60 व्या वर्षी निवृत्त होतील, त्यांना 65,000 मिळतात. घर स्वतःचं, कर्ज नाही, घरखर्च 55,000. माझा पीएफ 46 लाख, एफडी 14 लाख, म्युच्युअल फंड 17 लाख. मुलगा कमावता आहे, त्याच्या लग्नाचे 8 लाख वेगळे ठेवलेत. मला रक्तदाब आणि थायरॉइड आहे. मिस्टरांना निवृत्तीच्या वेळी पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 38 लाख येतील. क्लाससाठी स्टेशनजवळ 60 लाखांचा गाळा पाहिलाय. अर्धी रक्कम पीएफमधून आणि अर्धी कर्ज काढून. 40 विद्यार्थी आणि महिन्याला 1,200 रुपये फी धरली आहे. मिस्टर म्हणतात, क्लास नाही चालला तरी गाळा हातात राहील. बिल्डर महिनाअखेरीला टोकन मागतोय. काय करू?

उत्तर: नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न एकच दिसतो, पण निर्णय दोन आहेत. नोकरी सोडायची का, हा एक. गाळा घ्यायचा का, हा दुसरा. पहिल्याला माझं उत्तर हो आहे, फक्त आठ महिने थांबून. दुसऱ्याला स्पष्ट नाही.

आधी नोकरीचं बघू. तुमच्या घराचा खर्च 55,000 आणि मिस्टरांचा पगार 65,000. म्हणजे पुढची तीन वर्षं तुमचा एक रुपयाही घरात आला नाही तरी चूल पेटती राहते आणि साठवलेल्या पैशाला हात लावावा लागत नाही. पन्नाशीनंतर नवं काही करू पाहणाऱ्या फार थोड्या लोकांना इतकी मोकळीक असते. बहुतेकांच्या मागे घराचा हप्ता असतो किंवा मुलांचं शिक्षण. तुमच्या मागे यातलं काही नाही, आणि ते तुम्ही दोघांनी कष्टानं साधलंय.

तुमची पुंजी मांडली तर पीएफ, एफडी आणि फंड मिळून 77 लाख होतात. त्यात ग्रॅच्युइटी येईल. सूत्र सोपं आहे: मूळ पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. तुमचा आकडा 6 लाख 75 हजार, आणि 20 लाखांपर्यंतची ग्रॅच्युइटी करमुक्त असते. एकूण धरा 84 लाख. लग्नाचे 8 लाख मी यात मोजलेले नाहीत, तुम्हीही मोजू नका.

आता तीन वर्षांनंतरचं चित्र. महागाई 6 टक्के धरली तर आजचे 55,000 तेव्हा साडेपासष्ट हजार होतील. तुमचे 84 लाख हात न लावता 7 टक्क्यांनी वाढले तर 1 कोटी 3 लाखांच्या आसपास जातील. मिस्टरांचे 38 लाख धरून दोघांचे मिळून 1 कोटी 40 लाख. ईपीएसचं, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेचं, पेन्शन दोघांचं मिळून महिन्याला आठ-साडेआठ हजार मी धरतोय. त्याहून जास्त धरू नका. पगार कितीही असला तरी हे पेन्शन सहसा 15,000 च्या मर्यादेवर मोजलं जातं, आणि 2014 च्या सप्टेंबरआधीच्या नोकरीसाठी ती मर्यादा जास्तीत जास्त 6,500 होती.

पेन्शन वजा करता वर्षाला पावणेसात-सात लाख पुंजीतून काढावे लागतील. ते झाले पाच टक्क्यांच्या जवळपास. साठीच्या उंबरठ्यावर, पुढची तीस वर्षं काढायची असताना, एवढा उपसा मला जास्त वाटतो. पण क्लासमधून महिन्याला निव्वळ 20,000 सुटले, तर हाच उपसा सव्वातीन टक्क्यांच्या आत येतो आणि मग मी निर्धास्त असेन. म्हणून तुमच्यासमोरचं लक्ष्य एवढंच आहे: तीन वर्षांत निव्वळ 20,000. पहिल्या दिवसापासून नाही, 58 व्या वर्षापर्यंत. गाणं शिकवणाऱ्या माणसाला हे जमण्यासारखं आहे.

तुम्ही 40 विद्यार्थी आणि 1,200 रुपये फी असा हिशोब लिहिलाय. मी 25 विद्यार्थी धरतो, आणि वर्षाचे बारा नाही, दहा महिने. मे महिन्यात मुलं गावी जातात, गणपती आणि दिवाळीत तास बुडतात, आणि दहावीच्या वर्षी आईवडील सगळ्यात आधी गाण्याचा क्लास बंद करतात. 25 जणांचे दहा महिन्यांचे 3 लाख. त्यातून साथीच्या तबलजींचं मानधन, जागेचं भाडं आणि किरकोळ खर्च मिळून 60,000 गेले. उरले 2 लाख 40 हजार, म्हणजे महिन्याला बरोबर 20,000. मुलांच्याच भरवशावर राहू नका. सकाळी अकराची तुकडी गृहिणी आणि निवृत्तांसाठी ठेवा. ती माणसं परीक्षेच्या धास्तीनं येत नाहीत आणि वर्षानुवर्षं सोडून जात नाहीत. परदेशातली मराठी कुटुंबंही विचारात घ्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारची सकाळ असते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असते, दोघांनाही सोयीची.

आता गाळा. 60 लाखांवर मुद्रांक शुल्क सहा-सात टक्के, शिवाय नोंदणी फी. म्हणजे दाराला कुलूप लावायच्या आधीच चारएक लाख गेले. महिलांच्या नावावर मुद्रांक शुल्कात मिळणारी एक टक्क्याची सवलत घरासाठी असते, गाळ्यासाठी नाही. 30 लाखांचं कर्ज दहा वर्षांसाठी साडेदहा टक्क्यांनी घेतलंत तर हप्ता साडेचाळीस हजार. मिस्टरांच्या पगारातून घरखर्च जाऊन उरतात 10,000. म्हणजे क्लासमधून पहिल्याच महिन्यापासून सगळा खर्च जाऊन साडेतीस हजार सुटायला हवेत. वर जो मी अंदाज केला, त्यात तिसऱ्या वर्षी 20,000 सुटत होते.

आणि मिस्टर निवृत्त झाले की कर्जाची सात वर्षं शिल्लक असतील. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला 1 लाख 6 हजार. पीएफमधून 34 लाख आधीच निघालेले, त्यामुळे दोघांची पुंजी कोटीच्याही आत. त्यातून वर्षाला 12 टक्के काढावे लागतील. ही पुंजी तुम्हाला सत्तरीपर्यंतही पुरणार नाही.

मिस्टरांचं म्हणणं मला समजतं. गाळा डोळ्यांना दिसतो, क्लास दिसत नाही. नोकरी सोडून बायको गाणं शिकवते हे सांगण्यापेक्षा तिचा स्टेशनजवळ गाळा आहे हे सांगणं नातेवाइकांत सोपं जातं. पण हॉस्पिटलचं बिल भरायला गाळ्याची एक भिंत विकता येत नाही. शिवाय हप्त्याचं ओझं तुमच्या गळ्यावर येईल. जी मुलगी सुरात नाही, तिला सहा महिने फक्त सा लावून बसवायचं धाडस हप्ता भरणाऱ्या शिक्षिकेला होत नाही. ती तिला लगेच गाणं बसवून देते, म्हणजे आई खूष राहील आणि फी येत राहील. तुम्हाला असं शिकवायचं नाही, हे तुमच्या पत्रावरून कळतं.

सुरुवात घरातल्या एका खोलीत करा. सोसायटीला आधी लेखी कळवा, वेळा ठरवून द्या. संख्या वाढली की जवळच्या शाळेत संध्याकाळी वर्ग भाड्यानं घ्या. मिरजेच्या तानपुऱ्यांची जोडी, चांगली हार्मोनियम, तबला, सतरंज्या, खोलीत थोडं ध्वनिरोधक काम, या सगळ्यासाठी 2 लाख बाजूला काढा आणि तानपुऱ्यांत काटकसर करू नका. करांची काळजी नको. व्यक्तीनं एकटीनं कला शिकवली तर त्यावर जीएसटी नाही, आणि नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर भरावा लागत नाही. फंड विकून झालेल्या नफ्याचा हिशोब मात्र वेगळा असतो.

आता आठ महिने का थांबायचं, ते. 55 पूर्ण करून निवृत्त झालात तर पीएफ पूर्ण काढायला बेरोजगारीचा ठरावीक काळ थांबायची अट नाही. पण लगेच काढू नका. खात्यावर आणखी तीन वर्षं व्याज मिळत राहील. 2024-25 साठी दर 8.25 टक्के होता. नोकरी सुटल्यानंतरचं हे व्याज करपात्र असतं, पण तुमचं एकूण उत्पन्न 12 लाखांच्या आत असल्यानं तुम्हाला त्याचा फटका बसणार नाही.

दुसरं कारण ज्येष्ठ नागरिक बचत योजना. ती एरवी साठीनंतर उघडते, पण 55 नंतर निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत पैसे भरता येतात, 30 लाखांपर्यंत. 54 व्या वर्षी राजीनामा दिलात तर हा दरवाजा साठीपर्यंत बंद. म्हणून कंपनीकडून निवृत्तीचं पत्र घ्या, त्यावर मिळालेल्या रकमा लिहून घ्या. पोस्ट किंवा बँक ते मागते.

ईपीएसचं पेन्शन 58 च्या आधी सुरू करू नका. दर वर्षामागे चार टक्के कापले जातात, आणि ही कपात कायमची असते.

आरोग्य विम्याचं मात्र आठ महिने थांबू नका, ते याच महिन्यात करा. कंपनीची पॉलिसी शेवटच्या दिवशी संपते. तुम्ही लिहिलेला रक्तदाब आणि थायरॉइड या आधीपासूनच्या आजारांसाठी नव्या पॉलिसीत जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. दोघांची मिळून पॉलिसी आज घेतलीत तर मिस्टर निवृत्त होईपर्यंत तो काळ संपलेला असेल, आणि तोवर त्यांच्या कंपनीचा विमा आहे. त्यात पत्नीचं नाव आहे ना, हे तेवढं तपासा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. अर्जात आजार लपवू नका.

या आठ महिन्यांत शनिवार-रविवारची एक छोटी तुकडी सुरू करा. त्याआधी नेमणूकपत्रात बाहेर काम करण्यावर बंदी आहे का ते वाचा. असेल तर लेखी परवानगी घ्या, निवृत्तीच्या तोंडावर ग्रॅच्युइटीवरून वाद नकोत. वारसनोंदी आणि इच्छापत्रही याच काळात उरकून टाका. एफडीतले 6 लाख अडीअडचणीसाठी आजच वेगळे करा.

बिल्डरला टोकन देऊ नका, नकार आजच कळवा. मिस्टरांना वरचे दोन्ही हिशोब कागदावर शेजारी शेजारी मांडून दाखवा, ते आकडे मानणारे वाटतात. तीन वर्षांनी तुकड्या भरून वाहत असतील आणि शाळेचा वर्ग अपुरा पडत असेल, तर जागेचा विषय पुन्हा काढू. तेव्हाही आधी भाड्याचा.