डोंगरावरच्या अरण्याचे वजन

उष्णकटिबंधातील पर्वतीय वने आपल्या खोडांत, मुळांत आणि मातीत किती कार्बन साठवून ठेवतात, याविषयी मागील अंकातील टिपणात आम्ही लिहिले होते. आफ्रिकेतील अशा वनांचा साठा पूर्वी धरला जात होता त्याहून बराच मोठा आहे, हे त्यातील मुख्य विधान होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : डोंगरावर वर जावे तसतशी थंडी वाढते आणि झाडे खुरटत जातात, असे भूगोलाच्या पुस्तकात आम्ही शिकलो. मग अशा जंगलात एवढा कार्बन कुठून येणार?

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि बराच काळ अभ्यासकांचाही साधारण हाच समज होता. विषुववृत्ताच्या आसपासच्या पर्वतांवर दर हजार मीटर चढणीला तापमान सुमारे पाच ते सहा अंश सेल्सिअसने उतरते. शिवाय ढगांमुळे पानांना ऊन कमी मिळते, जमीन सतत ओली राहते, पालापाचोळा सावकाश कुजत असल्यामुळे नायट्रोजनसारखी पोषकद्रव्ये मुळांपर्यंत उशिरा पोहोचतात आणि उघड्या डोंगरधारेवर वारा झाडांना झोडपत असतो. बोर्निओतील किनाबालू या ४,०९५ मीटर उंचीच्या पर्वतावर, तसेच पेरूमधील अँडीजच्या पूर्व उतारावर, पायथ्यापासून वरपर्यंत टप्प्याटप्प्याने मोजण्या झाल्या. तेथे झाडे वर वर बुटकी होत जातात आणि हेक्टरी जैवभार, म्हणजे झाडोऱ्याचे कोरडे वजन, घटत जाते असेच दिसले.

चूक झाली ती हेच चित्र सगळ्या पर्वतांना लावण्यात. आफ्रिकेतील १२ देशांमधल्या ४४ पर्वतीय ठिकाणी ७२,३३६ झाडे मोजून काढलेला निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. ऐडा कुनी-सांचेझ यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासात जमिनीवरच्या भागातील कार्बन हेक्टरी सरासरी १४९.४ टन भरला. ज्या देशांकडे स्वतःच्या मोजण्या नाहीत त्यांनी वापरावा म्हणून आयपीसीसीने, म्हणजे हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आंतरशासकीय मंडळाने, या प्रकारच्या वनांसाठी ८९.३ टन हा आकडा सुचवला होता. प्रत्यक्षातला साठा त्याच्या दोन तृतीयांशाने अधिक निघाला. देशांचे हिशेब अशा सुचवलेल्या आकड्यांवर उभे असतात, त्यामुळे ही केवळ पाठ्यपुस्तकातली दुरुस्ती नव्हे.

आफ्रिकेतच असे का, याचे एकच एक उत्तर नाही. तेथील पर्वतांवर जाड बुंध्याची झाडे बऱ्याच उंचीपर्यंत टिकून आहेत आणि कार्बनचा मोठा वाटा या थोड्या थोराड झाडांतच असतो. पोडोकार्पससारखे उंच सूचिपर्णी वृक्ष त्यांत आहेत. हत्ती लहान झाडे मोडतात आणि उरलेल्या झाडांना वाढायला जागा व उजेड मिळतो, अशीही एक शक्यता मांडली गेली आहे. किलिमांजारोच्या एका ओलसर घळीत उभ्या असलेल्या ८१.५ मीटर उंचीच्या वृक्षाची नोंद २०१६ साली प्रसिद्ध झाली, तोवर आफ्रिकेत कोठेही एवढ्या उंचीचे देशी झाड नोंदलेले नव्हते. ज्वालामुखीची सुपीक माती, भरपूर पाणी आणि वाऱ्यापासून आडोसा एकत्र आले की डोंगरावरही झाड किती वाढू शकते, हे त्या एका घळीवरून ध्यानात यावे.

प्रश्न : झाड न तोडता त्यातला कार्बन मोजतात तरी कसा? आणि तो आकडा कितपत विश्वासार्ह असतो?

उत्तर : जमिनीपासून १.३० मीटर उंचीवर खोडाचा घेर फितीने मोजतात, त्यावरून व्यास काढतात, झाडाची उंची मोजतात किंवा अंदाजतात आणि त्या प्रजातीच्या लाकडाची घनता जमेस धरतात. पूर्वी कोठे कोठे तोडून, वाळवून, वजन केलेल्या झाडांवरून या तीन गोष्टींचा वजनाशी असलेला संबंध सूत्रात बसवला आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेले असे एक सूत्र ४,००४ झाडांच्या प्रत्यक्ष वजनावर आधारलेले आहे. त्याने हिशेब केला, तर ०.६ घनतेच्या लाकडाचे, २० सेंटिमीटर व्यासाचे आणि १५ मीटर उंचीचे झाड सुमारे २०० किलो भरते. तेच झाड तिप्पट जाड आणि दुप्पट उंच झाले, की त्याचे वजन ३,३०० किलोंच्या वर जाते. या कोरड्या वजनाच्या निम्म्याहून थोडा कमी भाग कार्बन असतो.

सूत्र कागदावर सोपे वाटते, डोंगरावर मात्र पहिल्याच पायरीला अडखळायला होते. उतारावर १.३० मीटर कोठून मोजायचे? झाडाच्या चढाकडच्या की उताराकडच्या बाजूने, याचा संकेत आधी ठरवून तोच सगळीकडे पाळावा लागतो. बुंध्याला फळ्यांसारखी आधारमुळे फुटलेली असतील, तर ती संपतात त्याच्याही अर्धा मीटर वर फीत लावावी लागते आणि त्यासाठी शिडी उचलून न्यावी लागते. मेघवनात, म्हणजे सतत ढगांनी वेढलेल्या डोंगरी वनात, खोडावर शेवाळाचा ओला, स्पंजासारखा थर असतो. फीत वेलींच्या आणि त्या थराच्या खालून घालून सालीला टेकवावी लागते. ४० सेंटिमीटर व्यासाच्या खोडावरचा तीन सेंटिमीटर जाडीचा थर चुकून मापात धरला, तर व्यास ४६ भरतो आणि झाडाचे वजन सुमारे ३० टक्क्यांनी फुगते. धुक्यात भिजत, निसरड्या उतारावर एकेका झाडाशी अशी खटपट करणाऱ्या माणसांमुळेच वरचे आकडे आपल्या हाती आले आहेत आणि त्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

जमिनीच्या मापातही एक खोच आहे. हेक्टर हे क्षेत्र नकाशावरचे, म्हणजे आडवे धरलेले असते. ३० अंशांच्या उतारावर १०० मीटरचे आडवे अंतर हवे असेल, तर जमिनीलगत फीत सुमारे ११५ मीटर लांब टाकावी लागते. ही दुरुस्ती राहून गेली, तर हेक्टरी साठा कमी दिसतो.

प्रश्न : आता उपग्रह आहेत. मग माणसांनी डोंगर चढण्याची गरज काय?

उत्तर : उपग्रह फार मोलाचे आहेत, पण उतारावर त्यांचीही पंचाईत होते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर बसवलेले गेडी हे लेझर-उपकरण सुमारे २५ मीटर व्यासाच्या ठिपक्यात झाडांची उंची मोजते. सपाटीवर जमिनीवरून परतणारा किरण स्वच्छ ओळखू येतो. ३० अंशांच्या उतारावर मात्र त्या एका ठिपक्यातच जमिनीच्या वरच्या आणि खालच्या कडेत १४ मीटरांचा फरक पडतो, त्यामुळे जमीन कोठे संपली आणि झाड कोठे सुरू झाले याचा घोळ होतो. रडारलाही डोंगराच्या सावल्यांची अडचण असतेच. युरोपीय अंतराळ संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये सोडलेल्या बायोमास या उपग्रहाचे रडार लांब तरंगलहरींचे आहे. त्या पानांतून आत शिरून खोडांपर्यंत पोहोचतात, हा त्याचा मोठा गुण आहे. पण कोणत्याही उपग्रहाच्या संकेताचे टनांत रूपांतर करायला फितीने मोजलेली झाडे लागतातच.

प्रश्न : तुम्ही कधी कार्बन म्हणता, कधी कार्बन डायऑक्साइड. दोन्ही एकच का?

उत्तर : नाही. एक टन कार्बन जळाला की ऑक्सिजनसह त्याचा सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे १४९.४ टन कार्बन असलेले एक हेक्टर वन पूर्ण जळाले, तर सुमारे ५४८ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. कोणताही आकडा वाचताना तो कशाचा आहे, हे आधी पाहावे.

प्रश्न : जुने जंगल वाढायचे थांबलेले असते, म्हणून ते फारसा कार्बन शोषत नाही. ते तोडून वेगाने वाढणारी झाडे लावली तर हवामानाचा फायदाच होईल, असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे काय?

उत्तर : हे खरे नाही, आणि या युक्तिवादाने जुन्या वनांचे नुकसान होऊ शकते म्हणून जरा सविस्तर लिहितो. यात साठा आणि वेग यांची गल्लत आहे. वेगाने वाढणारे कोवळे रान दरवर्षी अधिक कार्बन घेते हे मान्य, पण त्याचा आरंभ शून्यापासून होतो, आणि ते रान उभे करण्यासाठी शंभर-दीडशे टनांची शिल्लक आधी खर्ची घातलेली असते. अमेरिका खंडातील उष्णकटिबंधीय सखल प्रदेशांत तोडीनंतर पुन्हा उगवलेल्या वनांचा मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. जुन्या वनाच्या ९० टक्के जैवभारापर्यंत पोहोचायला तेथे मध्यक हिशेबाने ६६ वर्षे लागत असल्याचे त्यात दिसले. हा वेग उबदार सखल जमिनीवरचा आहे. थंड, उतरत्या, पोषण कमी असलेल्या डोंगरावर याहून लवकर भरपाई होईल असे धरायला काहीच आधार नाही.

आणि जुने वन थांबलेले असते हेही अर्धसत्यच आहे. आफ्रिकेतील सखल भागातल्या जुन्या, न तोडलेल्या वनांच्या दीर्घ मोजण्यांत २०१५ पर्यंतची तीन दशके हेक्टरी दरवर्षी सुमारे ०.६६ टन कार्बनची निव्वळ भर पडत असल्याचे आढळले. म्हणजे साठा तर आहेच, वर त्यात भर पडते आहे. तरीही आफ्रिकेतील पर्वतीय वनांपैकी सुमारे ८ लाख हेक्टर वने २००० सालानंतरच्या दोन दशकांत गेली, असे वर उल्लेखिलेल्या २०२१ च्या अभ्यासात म्हटले आहे.

डोंगरावर तोड झाली की आणखी एक गोष्ट घडते. माती धरून ठेवणारी मुळे कुजतात, काही वर्षांनी दरड कोसळते, आणि झाडाबरोबर त्याची पुढची पिढी जिथे उगवायची ती मातीही खाली जाते.

प्रश्न : मातीतल्या कार्बनचा उल्लेख आपण ओझरता केलात. तापमान वाढल्यावर त्याचे काय होईल?

उत्तर : उंचीवरच्या वनाची खरी तिजोरी पुष्कळदा मातीतच असते. थंडीत आणि ओलसरपणात सूक्ष्मजीवांचे काम मंदावते, त्यामुळे गळलेली पाने आणि मेलेली मुळे पुरती कुजण्याआधीच त्यांवर नवे थर चढतात. पाय ठेवला की दबणारी काळी, तंतुमय गादी तयार होते. पेरूच्या उतारावर वर जाताना खोडांतला कार्बन घटला तरी मातीतला वाढत जातो, असे दिसले आहे.

हा साठा थंडीने राखलेला आहे, हीच काळजीची बाब आहे. पनामातील बॅरो कोलोरॅडो बेटावर संशोधकांनी जमिनीत तापक बसवून माती चार अंशांनी गरम केली. दोन वर्षांत तिच्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड ५५ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांनी २०२० साली नोंदवले. ती माती सखल भागातली होती, म्हणून तो आकडा जसाच्या तसा पर्वतावर लावता येणार नाही. पण दिशा कोणती आहे, ते कळते.

झाडे वर सरकून याची भरपाई करतील का, असेही काहींनी विचारले आहे. अँडीजमध्ये वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा मोजल्या जाणाऱ्या वनतुकड्यांत उष्ण हवा मानवणाऱ्या प्रजातींचे प्रमाण वाढताना दिसते, म्हणजे सरकणे सुरू आहे. वृक्षरेषेपाशी, म्हणजे जिच्या वर वन संपते त्या उंचीपाशी, मात्र ते अडते. तिच्यावरच्या गवताळ पट्ट्यात ठिकठिकाणी गुरे चरतात आणि दर काही वर्षांनी गवत पेटवले जाते, त्यामुळे वर वाऱ्याने गेलेले बी रुजले तरी रोप कमरेएवढे होण्याआधीच खुडले किंवा जळून जाते. जिथे चराई आणि आग आवरली जाते, तिथे वृक्षरेषेच्या वर कोवळी झाडे उभी राहण्याची शक्यता वाढते.