तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात, मग तिसऱ्या आवर्तात ८च मूलद्रव्ये का?

तुम्ही नागपूरला अकरावीत आहात, दोन एन वर्गाचं सूत्र (एन म्हणजे कवचाचा क्रमांक) पाठ आहे, पण त्यावरून आवर्तसारणी जुळत नाही आणि मँगनीजची जागा काढता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. गोंधळ एकाच जागी आहे. ते सूत्र कवचाची क्षमता सांगतं. आवर्ताची, म्हणजे सारणीतल्या आडव्या ओळीची, लांबी मात्र उपकवचं (कवचातले एस, पी, डी असे भाग) कोणत्या क्रमानं भरतात त्यावर ठरते.

तो क्रम असा: १एस, २एस, २पी, ३एस, ३पी, ४एस, ३डी, ४पी, ५एस, ४डी, ५पी. एसमध्ये २ इलेक्ट्रॉन मावतात, पीमध्ये ६, डीमध्ये १०. नवं एस उघडलं की नवं आवर्त सुरू होतं आणि पी भरलं की ते संपतं. (पहिल्या आवर्तात पी नाहीच, म्हणून तिथे दोनच मूलद्रव्ये.)

आता अरगॉन बघा, अणुअंक १८, म्हणजे १८ इलेक्ट्रॉन. ३एस आणि ३पी भरले, ८ झाले. पोटॅशियमचा १९वा इलेक्ट्रॉन ३डीत जायला हवा असं वाटतं, पण तो ४एसमध्ये जातो. ४एसमधला इलेक्ट्रॉन आतल्या कवचांमधून शिरून केंद्रकाच्या जवळ पोचू शकतो. त्याला केंद्रकाचं आकर्षण जास्त जाणवतं, त्यामुळे पोटॅशियममध्ये ४एसची ऊर्जा ३डीपेक्षा कमी पडते. म्हणजे तिसरं कवच अर्धवट राहूनच चौथं आवर्त सुरू झालं. राहिलेल्या १० जागा स्कँडियम ते जस्त या पट्ट्यात भरतात, म्हणून चौथ्या आवर्ताची लांबी २ + १० + ६ = १८.

मँगनीजसाठी तुम्हाला लांब जायला नको, रामटेकजवळच्या मनसरला त्याच्या खाणी आहेत. अणुअंक २५. अरगॉनचे १८ वजा केले की ७ उरतात: ४एसमध्ये २, ३डीमध्ये ५. शेवटचा इलेक्ट्रॉन डीत, म्हणून डी-खंड. सर्वांत मोठा कवच क्रमांक ४, म्हणून चौथं आवर्त. शेवटी भरलेलं ३डी पाहून तिसरं आवर्त लिहिणं ही नेहमीची चूक. डी-खंडात एस आणि डीचे इलेक्ट्रॉन मिळवले की गण, म्हणजे सारणीतला उभा स्तंभ, मिळतो: २ + ५ = ७.

पी-खंडात हा हिशेब बदलतो. तिथे बाह्य कवचातले एस आणि पी मिळवून त्यात १० घालायचे. शिशाचे बाहेरचे इलेक्ट्रॉन २ + २, म्हणून गण १४. हे १० विसरल्यामुळे शिसं थेट टायटॅनियमच्या गणात जाऊन बसतं. हेलियमला मात्र कोणताच नियम लावू नका: संरूपण (इलेक्ट्रॉनांची मांडणी) एसचं, पण कवच पूर्ण भरलेलं आणि वागणूक निष्क्रिय वायूची, म्हणून १८वा गण.

पॅलेडियमही लक्षात ठेवा. त्याचे बाहेरचे दहाही इलेक्ट्रॉन ४डीत असतात, ५एस रिकामं. कवच क्रमांकावरून चौथं आवर्त येईल, पण ते पाचव्यात आहे. गण मात्र १० बरोबर येतो.

आयन लिहिताना इलेक्ट्रॉन भरण्याच्या उलट क्रमानं काढू नका. आधी ४एसमधले जातात. म्हणून दोन धन प्रभाराच्या मँगनीज आयनात ३डीचे पाचही इलेक्ट्रॉन शाबूत राहतात.